हाताने आवळलेला नट

"पान्याला हात लावलास तर बघ," तात्या म्हणाले आणि पाटासमोर मांडी घालून असे बसले, की पाटापर्यंत पोचायला मला माझ्या बापाला ओलांडूनच जावं लागलं असतं.

दसऱ्याची सकाळ होती. आमची सगळी हत्यारं आदल्या दिवसापासून, म्हणजे खंडेनवमीपासून पाटावर मांडलेली होती. तात्यांची करवत, रंधा, पटाशी आणि त्यांच्या शेजारी माझे पाने, पक्कड, टेस्टर. प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. आम्ही फलटणचे सुतार. मी लाकूड सोडून इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या बसवायच्या धंद्यात पडलो, हे तात्यांना कधीच रुचलं नाही. पण खंडेनवमीला माझे पाने ते स्वतः रॉकेलने पुसून आपल्या रंध्याशेजारी ठेवायचे. एकदा हत्यार पाटावर गेलं की दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत त्याला उठवायचं नाही, हा त्यांच्या आज्यापासूनचा नियम.

"तात्या, गिरणीवाल्या आप्पांचा जीव आहे त्या मशीनवर. आज सणाची लाइट आहे, उद्यापासून परत भारनियमन."

"मग दुसऱ्या कुणाचा पाना घे. आपला निजलाय."

मी मोटारसायकल काढली आणि गावभर फिरलो. दोन गॅरेजं झाली, सायकलचं दुकान झालं, पंप दुरुस्तीवाला झाला. जिथं जावं तिथं हत्यारांवर फुलं वाहिलेली आणि मालक नवा सदरा घालून दारात उभा. पेढे चार मिळाले, पाना एकही मिळाला नाही. त्या दिवशी फलटणमधला एकूण एक पाना झेंडूखाली निजला होता. हार्डवेअरवाला म्हणाला, पूजा आटोपली की चार वाजता दुकान उघडतो, नवाच घेऊन जा. पण चार वाजता मला सोनं वाटायला मित्रांबरोबर जायचं होतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे झालं त्याचा दोष तात्यांच्या नियमावर ढकलायचा मोह मला अनेकदा झाला आहे.

भोईटे आप्पांची पिठाची गिरणी होती. चाळीस वर्षं त्यांनी गावाचं दळण दळलं आणि ते पीठ त्यांच्या फुप्फुसात जाऊन बसलं. गिरणी बंद केली तोवर उशीर झाला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांना ऑक्सिजनचं मशीन लावून घरी पाठवलं होतं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं, छोट्या कपाटाएवढं यंत्र. ते विजेवर चालायचं आणि आमच्याकडं त्या काळात दिवसाचे सहा-सहा तास वीज नसायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, मशीन दहा मिनिटांच्या वर बंद राहता कामा नये.

मी इन्व्हर्टर आणि बॅटरी घेऊन पोचलो तेव्हा आप्पा कॉटवर उशीला टेकून बसले होते.

"ये रं दिगू," ते म्हणाले. एका वाक्याला दोन श्वास लागत होते. "ऐकतोस का आवाज? गिरणीच परत सुरू झाली म्हण की. फरक एवढाच, आता दळण माझंच हाय."

"आप्पा, बोलू नका," आतून त्यांच्या सुनेचा आवाज आला. वैजयंता वहिनी. श्रीरंगदादाची बायको. घरात सासू होती, मुलगा होता, पण आप्पांचं औषध, नळी, आंघोळ सगळं हिच्याकडं. आप्पा तिला "माझी मॅनेजर" म्हणायचे आणि काकींना, म्हणजे तिच्या सासूला, ते आवडायचं नाही.

काम अर्ध्या तासाचं होतं. इन्व्हर्टर भिंतीला ठेवला, पिन लावली, बॅटरीच्या दोन टोकांना दोन तारा अडकवल्या आणि नट बसवले. नट मी हातरुमालात धरून जोर लावून आवळले. हाताला रग लागेपर्यंत आवळले. एक छान बसला. दुसऱ्याला अजून अर्धा फेरा हवा होता, हे माझ्या बोटांना कळत होतं. मेन स्विच बंद करून बघितला. मशीन क्षणभरही न थांबता चालत राहिलं. काकींनी बॅटरीला हळदकुंकू लावलं, श्रीरंगदादाने माझ्या पाठीवर थाप मारली. उद्या पाना घेऊन येतो, दोन मिनिटांचं काम आहे, असं मी म्हटलं. मनातल्या मनात.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी मला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. लाल दिवा लागला तर काय? पाणी किती दिवसांनी घालायचं? कुठलं? किती? मी सांगत गेलो आणि त्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहीत गेल्या. एवढं नीट ऐकून घेणारं गिऱ्हाईक मला आजतागायत मिळालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी विचारलं, "भोईट्यांकडचे नट आवळून आलास?"

"आलो," मी म्हणालो. मी जिंतीला दुसरी बॅटरी बसवायला निघालो होतो आणि वाटेत जाऊ असं ठरवलं होतं. वाटेत गेलो नाही. मग दिवाळीची गर्दी सुरू झाली, जो तो इन्व्हर्टर मागत होता. दिवाळीत मी भोईट्यांकडं फराळाला गेलो, पण फराळाला कुणी पाना घेऊन जातं का? मशीन चालू होतं, आप्पा चिवड्याचा एक एक दाणा खात होते. श्रीरंगदादाने विचारलं, "दिगू, तो ऑक्सिजनचा सिलिंडर भाड्यानं आणून ठेवलाय, तो ठेवू का परत करू?"

"कशाला अडगळ? मी आहे ना," मी म्हणालो.

नंतर तर मी ते विसरूनच गेलो. अगदी खरं सांगतो, साफ विसरलो.

जानेवारीत एका दुपारी सव्वा वाजता फोन आला. "दिगूभाऊजी, लवकर या. लाइट गेलीय आणि मशीन बंद पडलंय." वहिनींचा आवाज चढलेला नव्हता, पण मागून काकींचं रडणं ऐकू येत होतं. मी जेवत होतो. हात धुतला नाही, तसाच निघालो. आठ मिनिटांत पोचलो असेन.

आप्पांचे ओठ निळे पडले होते. वहिनी त्यांना मागून धरून बसल्या होत्या आणि पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. इन्व्हर्टर टीं टीं करून ओरडत होता. मी बॅटरीवरचं झाकण काढलं आणि मला एका नजरेत कळलं. तो दुसरा नट. त्याच्याभोवती सगळं काळं पडलं होतं, तारेचं टोक अर्धवट वितळलं होतं. मी बोट लावलं, नट फिरला.

खिशात पाना होता. त्या दिवशी होता. मी टोक खरवडून साफ केलं, नट आवळला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. मशीन सुरू झालं, नळीतून हवा यायला लागली आणि आप्पांनी डोळे उघडले. बाहेर शेजारच्यांनी जीप आणली होती.

"काय झालं व्हतं रं?" काकी दारात उभ्या होत्या. "सांग की. नवी कोरी बॅटरी आनि असं कसं झालं?"

माझ्या पाठीमागे तो काळा पडलेला नट होता. मी उभा राहिलो, तो असा की बॅटरी माझ्या पायांआड झाली. आणि माझ्या तोंडून प्रश्न आला, जणू काही मी आधीपासून तोच विचारणार होतो.

"पाणी कुठलं घातलं होतं, वहिनी?"

त्यांनी आप्पांचं डोकं हळूच उशीवर टेकवलं. "डिस्टिल्ड वॉटरच. परवा मात्र बाटली संपली होती. एका खणात पाणी कमी दिसलं म्हणून पेलाभर नळाचं घातलं. उकळून, गाळून घातलं. चालत नाही का?"

पेलाभर नळाच्या पाण्याने बॅटरी दोन दिवसांत बंद पडत नाही. मला ते माहीत होतं. त्या खोलीत ते माहीत असणारा मी एकटाच होतो.

"मग काय होणार?" मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. खोटं म्हणावं तर ते खोटंसुद्धा नव्हतं. काकींनी कपाळावर हात मारून घेतला. "ह्या मॅनेजरनीनं घात केला गं माझा!" त्या ओरडल्या आणि दाराशी जमलेल्या सगळ्यांनी वहिनींकडं बघितलं. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. मी इन्व्हर्टरचं बटण उगाच दोनदा चालू-बंद केलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच आप्पांनी प्राण सोडला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच संपलेली होती, हृदयाला ताण सोसला नाही. कदाचित ते त्या महिन्यात तसेही गेले असते. अशी मी स्वतःची समजूत बरीच वर्षं घालत आलो आहे आणि ती दर वेळी पहाटेपर्यंतच टिकते.

दहावा झाला, तेरावा झाला. मी भोईट्यांची बॅटरी बदलून नवी दिली. फुकट. गाव म्हणालं, दिगू सुतार दिलदार माणूस, चूक त्यांची आणि भुर्दंड याने सोसला. जुनी बॅटरी मी त्याच दिवशी भंगारात घातली, तार कापून वेगळी फेकली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी श्रीरंगदादा दुकानात आला. डोकं भादरलेलं, डोळे खोल गेलेले. तो हायस्कुलात क्लार्क होता, मोजकं बोलणारा. स्टुलावर बसला, पाणी प्याला आणि बराच वेळ माझ्या काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवत राहिला.

"दिगू, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार की दादा."

"ते पाण्यानंच झालं ना? नक्की? म्हणजे दुसरं काही नसेल? जोडणी वगैरे सैल..."

आज मला वाटतं, देवाने ती दुपार मला परत दिली होती. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. श्रीरंगदादा भला माणूस. रडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, कदाचित पुन्हा माझ्याशी बोलला नसता. पण माझ्यासमोर माझा बोर्ड दिसत होता, नव्याने रंगवलेला, आणि रस्त्यापलीकडं दुसऱ्या इन्व्हर्टरवाल्याने त्याच महिन्यात दुकान थाटलं होतं. गिऱ्हाईक मेलं म्हटल्यावर माझ्याकडं कोण आलं असतं?

"दादा, जोडणी मी माझ्या हातानं केलीय," मी म्हणालो. "नऊ वर्षं हेच करतोय. तुला माझ्यावर भरवसा नसेल तर साताऱ्याहून दुसरा माणूस आणून दाखव."

त्याचं काचेवरचं बोट थांबलं. मग उठला. "नाही नाही. तसं नाही. बरं झालं विचारलं. डोक्यातनं जाईल आता." आणि त्याने जाताना माझा हात हातात घेऊन दाबला. दसऱ्याला ज्या हाताने नट आवळला होता, तोच.

पुढचं मी ऐकीव सांगतो, कारण त्या गल्लीत पाऊल टाकायचं मी बंद केलं. काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, हिनं नळाचं पाणी घातलं आणि माझं कुंकू गेलं. आप्पांच्या श्राद्धाच्या स्वयंपाकाला वहिनींनी हात लावायचा नाही, असं ठरलं. पाणीसुद्धा भरायचं नाही. हळदीकुंकवाला बायका जमल्या की कुणीतरी हळूच म्हणायची, बाई, हिच्याकडं पाणी मागू नका गं. त्यावर हशा व्हायचा. वहिनींनी जाणं सोडलं. माझी बायको हे सगळं येऊन मला सांगायची आणि म्हणायची, चुकली बिचारी, पण किती दिवस छळायचं? मी भाकरी मोडत राहायचो आणि शेवटी एकदा म्हणालो, त्या घराचं नाव माझ्यासमोर काढू नकोस.

तात्या गेले ते मला शाबासकी देऊन गेले. म्हणाले, माझ्या पोराच्या कामाला कुणी बोट लावलं नाही.

अकरा वर्षं गेली. भारनियमन सरलं, मी सोलर बसवायला लागलो. गेल्या फेब्रुवारीत एका अंगणवाडीचं काम आलं. पोरांचा आहार ठेवायला छोटा फ्रीज मिळाला होता आणि लाइट गेली तर दूध नासतं म्हणून त्याला बॅटरी हवी होती. मी गेलो तर दारात वैजयंता वहिनी. त्या तिथं सेविका होत्या. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. त्या मला बघून हसल्या. त्या हसण्यात काहीच नव्हतं, नुसतं ओळखीचं हसणं, आणि मला ते बघवेना.

मी काम केलं. प्रत्येक नट पान्याने आवळला. त्यांनी काही विचारलं नाही. बॅटरीच्या जवळसुद्धा आल्या नाहीत. फक्त एकदा लांबून म्हणाल्या, "ह्याच्यात पाणी घालायचं असतं का?"

"नाही वहिनी. ह्यात पाणी लागत नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

दुपारी एक वाजता पोरं गेली. वहिनींनी फ्रीजचं दार लावलं, ओढून बघितलं. खिडक्या लावल्या. बाहेर येऊन कुलूप लावलं, ओढलं. चार पावलं गेल्या, परत आल्या, कुलूप ओढलं. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी कुलपावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लावलंय. लावलंय." मी मोटारसायकलवर बसून किल्ली फिरवायचा थांबलो होतो.

"सवय आहे हो," त्या ओशाळून म्हणाल्या. "तुम्ही निघा."

मी उतरलो. काय बोलायचं ते मी अकरा वर्षं घोकत होतो, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"वहिनी, आप्पांच्या वेळी तुमचं पाणी चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "नट ढिला होता. दसऱ्याला मी तो नुसत्या हाताने आवळला होता. परत येऊन आवळायचा होता, आलो नाही. त्या दिवशी मी बघितलं आणि गप बसलो."

त्या रडतील, किंवा माझ्या थोबाडीत देतील, असं मला वाटलं होतं. दिली असती तर बरं झालं असतं. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मी बघितला होता," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नट. तुम्ही यायच्या आधी. मशीन कशानं बंद पडलं ते कळेना म्हणून मी तार हलवून बघितली, तर नट गोल फिरला. दवाखान्यातच मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, आधी आप्पांचं बघू, मग दिगूला विचारतो." त्या थांबल्या. "आणि विचारलं की त्यांनी. तुमच्या दुकानात येऊन विचारलं. घरी येऊन मला म्हणाले, दिगू म्हणतो जोडणी पक्की होती. तू घाबरली होतीस, तुला तसं दिसलं असेल."

मला श्रीरंगदादाचं ते काचेवर फिरणारं बोट आठवलं. तो माझ्याकडं आपल्या बायकोसाठी आला होता.

"मी पण म्हटलं, असेल," वहिनी सांगत होत्या. माझ्याशी नव्हे, कुलपाशी बोलल्यासारख्या. "दिगूभाऊजी कशाला खोटं बोलतील? मग मलाच कळेना, नट खरंच फिरला होता का मला वाटलं होतं. आठवून आठवून तो सारखा वेगळाच दिसायला लागला. तेव्हापासनं हे असं झालंय. गॅस बंद केला तरी परत जाऊन बघते. पोरं मोजली की परत मोजते. सतरा असतात. सतराच असतात, तरी मोजते. मला माझं दिसलेलं खरंच वाटत नाही, भाऊजी."

"मी आत्ता घरी येतो," मी म्हणालो. "दादाला सांगतो. काकींना सांगतो. पाया पडतो त्यांच्या."

"आत्ती गेल्या. दिवाळीच्या आधी. शेवटपर्यंत माझ्या हातचं पाणी घेतलं नाही त्यांनी."

रस्त्यावरून एक उसाचा ट्रॅक्टर गेला.

"दादाला तरी सांगतो."

"ह्यांना नंतर सांगा," वहिनी म्हणाल्या आणि अंगणवाडीच्या पायरीवर बसल्या. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला, परत लावला आणि माझ्याकडं नीट बघितलं. "आधी मला सांगा. कसा होता तो?"

"ढिला होता."

"किती ढिला?"

"बोट लावलं तरी फिरत होता."

"गोल?"

"गोल फिरत होता, वहिनी. भोवती काळं पडलं होतं."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, आवाज आला नाही.

"परत सांगा," त्या म्हणाल्या.